सब्जाचं पाणी आणि ‘उष्णता’: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

उन्हाळा लागला की हा मेसेज परत फिरायला लागतो. लघवीला जळजळ म्हणजे अंगातली उष्णता, स्वच्छता न पाळणाऱ्या बायकांनाच होते, पब्लिक टॉयलेटमधून लागते, सब्जा नि धन्याचं पाणी प्या, अँटिबायोटिक नको, लहान मुलीपासून आजीपर्यंत सगळ्यांना चालतं. परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला, तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं.

उष्णता म्हणाल तर पाणी कमी पडलं की लघवी पिवळीजर्द होते आणि जरा झोंबते, खरंय, पाणी प्यायलं की थांबतं. पण सारखं जावंसं वाटतंय, थेंबथेंबच होतेय, ओटीपोट दुखतंय तर इन्फेक्शनच असायची शक्यता जास्त, आणि बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटर, पुरुषांचा साधारण 20, म्हणजे बायकांमध्ये जंतूला चालायचं अंतरच नाही. जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं, सगळ्या घाणेरड्या का? उलट सुगंधी वॉशने आत धुऊन धुऊन तिथले चांगले जंतूच जातात.

टॉयलेट सीटवरून सहसा लागत नाही. टॉयलेट नसतं म्हणून लागतं! एसटीने लांब जायचंय म्हणून सकाळपासून पाणी बंद, आलेली तासन्‌तास दाबून धरायची. मुंबईत बायकांना सार्वजनिक टॉयलेटसाठी ‘राइट टू पी’ चळवळ उगाच नाही करावी लागली.

आणि ‘सगळ्यांना चालतं’ हे तर सगळ्यात वाईट. छोट्या मुलींमध्ये बद्धकोष्ठता आणि शाळेत धरून ठेवणं ही कारणं असतात, अगदी तान्ह्या बाळाला तर नुसता तापच दिसतो. तरुणपणी संबंधांनंतर होतं, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. गरोदरपणात काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी औषध द्यावं लागतं, नाहीतर किडनीपर्यंत जाऊ शकतं, आणि आजीच्या रिपोर्टमध्ये तसेच जंतू निघाले पण त्रास काही नाही, तर सहसा औषध द्यायचं नसतं. बरोबर उलटं! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ होते, मग इन्फेक्शन परत परत. माझ्या आईला वर्षात तीनदा झालं, शेवटी गायनॅकने योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं तेव्हा थांबलं, तोवर बिचारी धन्याचं पाणीच पीत होती.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर साधं इन्फेक्शन कधीकधी आपोआप बरं होतं, मान्य. पण थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि मागच्या वेळची उरलेली नॉरफ्लॉक्सासिन काढून घेऊ नका प्लीज, आपल्याकडचे कितीतरी ई. कोलाय तिला दाद देत नाहीत. कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर सॅम्पल गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, पहिली धार सोडून मधली.

सब्जा फालुद्यात घाला, छान लागतो.