कात्री आधी कशाला लावायची?

मंदी आली की महापालिकांचं उत्पन्न आटतं. बांधकामं रखडतात, कराची थकबाकी वाढते, वरच्या सरकारचं अनुदान लांबतं. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत. मग कात्री बहुतेक वेळा देखभाल-दुरुस्तीला लागते. जमिनीखालची जलवाहिनी यंदा बदलली नाही तर कोणाला कळतंय? चौकातलं सुशोभीकरण दिसतं, त्याचं उद्घाटनही होतं.

मला याची मनापासून चीड येते, आणि त्याचं कारण फ्लिंट.

अमेरिकेतल्या या शहराची तिजोरी रिकामी झाली म्हणून राज्य सरकारनं कारभार स्वतः नेमलेल्या प्रशासकाकडे दिला. खर्च वाचवण्यासाठी एप्रिल 2014 मध्ये डेट्रॉइट शहराकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यावर करायची प्रक्रिया केलीच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं, तिथून लहान मुलांच्या रक्तात. पाण्याला रंग आहे, वास येतोय, असं लोक सुरुवातीपासून सांगत होते. तरी जुनं पाणी परत यायला ऑक्टोबर 2015 उजाडला. वाचणार होते दोन वर्षांत सुमारे 50 लाख डॉलर; पुढे नुकसानभरपाईचीच तडजोड 60 कोटी डॉलरच्या वर गेली. आणि शिशानं मुलाच्या मेंदूचं केलेलं नुकसान कुठल्याच रकमेनं भरून येत नाही.

काटकसर करूच नये असं माझं म्हणणं नाही. न्यूयॉर्क 1975 मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेलं ते उधळ्या हिशेबामुळेही. रोजचा खर्च भांडवली खर्चात, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कामांच्या खर्चात दाखवायचा, अल्पमुदतीची कर्जं काढून दिवस ढकलायचे, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग हजारो कर्मचारी घरी गेले आणि 1976 मध्ये शहराच्या विद्यापीठातलं मोफत शिक्षण संपलं. कर्ज काढलेल्यांपेक्षा पोरांनीच जास्त भोगलं.

तरीही मंदीत कर्ज काढायला माझा विरोध नाही. पन्नास वर्षं टिकणाऱ्या जलवाहिनीसाठी जरूर काढा, ती वापरणारी पुढची पिढीही हप्ते भरेल. पगारासाठी मात्र नको.

आपल्या शहराचं अंदाजपत्रक हातात आलं तर नव्या प्रकल्पांची पानं सोडा. देखभाल-दुरुस्तीचं पान काढा आणि गेल्या वर्षीची तरतूद किती होती, त्यातला प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. फरक मोठा असेल तर तो पैसा कुठे वळवला, हे नगरसेवकाला लेखी विचारा.