रंगावरून फूल शोधण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, थँक्यू. पण पटली नाही, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतेय.

तुमचं म्हणणं असं की १८९३ चं 'हाऊ टू नो द वाइल्ड फ्लॉवर्स' हे अमेरिकेतली रानफुलं ओळखायला शिकवणारं पुस्तक एका हौशी बाईचं, मिसेस विल्यम स्टार डाना यांचं, त्यात फुलं रंगावरून लावलीयेत, कुळावरून नाही, म्हणजे त्यात शास्त्र नाही, आणि आपल्याकडे दोनशे वर्षं आधी 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा डचांनी काढलेला ग्रंथ झालेला असताना ह्याचं कौतुक कशाला.

हॉर्टसबद्दल मलाही तितकाच आदर आहे हो, त्यातलं कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पाहिलं की अंगावर काटा येतो. पण ते बारा खंड, लॅटिनमध्ये, भल्यामोठ्या आकाराचे. ते काखोटीला मारून रानात कोण जाणार?

आणि रंगाचं म्हणाल तर कूळ कळायला आधी पाकळ्या-पुंकेसर नीट बघता यायला हवेत ना, नवख्या माणसाला दिसतो तो रंगच! मी न्यू जर्सीत नवीन होते तेव्हा एप्रिलमध्ये ओढ्याकाठी वाळक्या पाल्यातून एक पांढरं फूल वर आलेलं दिसलं, देठाभोवती एकच पान, शाल पांघरल्यासारखं. घरी येऊन पांढऱ्या फुलांचा भाग उघडला, त्यात आधी फुलणारी आधी दिलीयेत, त्यामुळे लगेच सापडलं. ब्लडरूट. मुळाचा रस तांबडा-केशरी म्हणून हे नाव. आणि नावाखाली लॅटिन नाव आणि कूळसुद्धा, खसखशीचं! म्हणजे शास्त्र आहेच की, अवघड शब्द सोपे करून सांगणारं प्रकरणही आहे.

'हौशी' शब्द मात्र मला लागला. डानाबाईंचे नवरे, नौदलातले अधिकारी, १८९० मध्ये गेले. त्या दुःखात मैत्रिणीबरोबर, मॅरियन सॅटरलीबरोबर, त्या रानात फिरायला लागल्या, आणि चित्रं त्याच मैत्रिणीची. पहिली आवृत्ती पाच दिवसांत संपली. लोकांना असं पुस्तक हवंच होतं.

एक मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर, एकाच जातीची फुलं वेगवेगळ्या रंगांची असली की ही पद्धत अडते. हेपॅटिका नावाचं रानफूल घ्या, ती पांढरी, गुलाबी, निळी, जांभळी कशीही असते. माझ्यासमोरची पांढरी होती, मी चार दिवस पांढऱ्यातच शोधत बसले, आणि ती निघाली निळ्या-जांभळ्यात.