खुलासा: यूएफडब्ल्यू (लिनक्स सर्व्हरचा फायरवॉल) चालू आहे म्हणजे डेटाबेस झाकला, असं नाही

आपल्या नाशिकच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सर्व्हरवर यूएफडब्ल्यू चालू करा, डॉकरमधला डेटाबेस सुरक्षित.’ हे अर्धवट आहे. डॉकर म्हणजे ॲप, डेटाबेस वगैरे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (बंद डब्यांत) चालवणारं साधन. त्याच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे, त्याची यादी) डेटाबेसचा पोर्ट उघडायला ‘५४३२:५४३२’ (सर्व्हरचा पोर्ट:कंटेनरचा पोर्ट) लिहिलं की डॉकर स्वतःच आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) नियम घालतो आणि बाहेरून आलेलं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. यूएफडब्ल्यूच्या स्टेटसमध्ये ‘डिनाय’ (मनाई) मात्र दिमाखात दिसतं! निफाडच्या द्राक्षबागायतदारांचं हिशेबाचं ॲप चढवताना मीही यातच फसलो. घरच्या वायफायवरून थेट पोस्टग्रेसने (ॲपच्या डेटाबेसने) पासवर्ड विचारला तेव्हा घाम फुटला. म्हणून ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असं लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्या सर्व्हरपुरताच उघडतो. ॲपही त्याच कंपोजमध्ये असेल तर पोर्टची ओळच काढा, कंटेनर आतल्या आत बोलतात. आणि तपासायचं ते बाहेरच्या नेटवरून, सर्व्हरवर बसून नाही.