फाशी झाली म्हणून सुटले

गेल्या आठवड्यात सिन्नरकडचे एक आबा ऑफिसला आले. खताच्या धुतलेल्या पिशवीत फाइल. मुलाला खुनात जन्मठेप. सेशनला शिक्षा झाली, हायकोर्टात अपील फेटाळलं, सुप्रीम कोर्टानं एसएलपी, म्हणजे अपिलासाठी खास परवानगी मागणारा अर्ज, दाखल करून घ्यायलाच नकार दिला. त्या शेवटच्या निकालाचा एकच कागद होता, तो त्यांनी वेगळ्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला. तो माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "म्याडम, एवढंच लिहिलंय. मागचं पान द्यायचं राहिलं का त्यांचं?"

मागचं पान नव्हतंच. तेवढाच निकाल होता.

आपल्याकडे लोकांना वाटतं की वर अजून एक कोर्ट असतंच. पैसे असले की पोचता येतं. प्रत्यक्षात सेशनच्या शिक्षेवर हक्काचं अपील सहसा एकदाच, हायकोर्टात. पुरावा मुळापासून परत तपासला जातो तो तिथेच. सुप्रीम कोर्टात जायला आधी परवानगी मागावी लागते आणि बहुतेकांना ती मिळत नाही. त्यानंतर रिव्ह्यू, म्हणजे त्याच कोर्टाला आपला निकाल पुन्हा बघायची विनंती: 30 दिवसांच्या आत, आणि तोही निकालात वरवर पाहताच दिसणारी चूक असेल तरच. "साक्षीदार खोटं बोलला हो" हे त्यात बसत नाही. रिव्ह्यूही फेटाळला गेला, तर त्याच्याही पलीकडे 2002 पासून क्युरेटिव्ह नावाच्या शेवटच्या अर्जाची एक फट आहे. तिच्यासाठी ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. ते आबांना कोण देणार? आणि खालच्या कोर्टात किंवा हायकोर्टात निकालावर एकदा सही झाली की कारकुनी चूक सोडून त्यातलं अक्षर बदलायचा अधिकार त्या कोर्टालाही राहत नाही. जुन्या फौजदारी संहितेत कलम 362 होतं, आता नव्या संहितेत 403 आहे. मजकूर जवळजवळ तोच.

हे सगळं मला मान्य आहे, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. कुठेतरी थांबायला हवं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी आयुष्यभर किती तारखा करायच्या? पण आमच्याच नाशिकच्या एका खटल्यानं माझं हे मत खिळखिळं केलं.

जून 2003. शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला, पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये हायकोर्टानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सरकार त्या तिघांच्या विरोधात वर गेलं. 30 एप्रिल 2009 ला सुप्रीम कोर्टानं परत सहाही जणांना फाशी सुनावली. झालं, विषय संपला. त्या सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर ठरलं.

पुढं 2014 मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की फाशीचा रिव्ह्यू खुल्या कोर्टात, वकिलाचं तोंडी म्हणणं ऐकून घेऊनच निकाली काढायचा. वेळ जास्तीत जास्त अर्धा तास. तोवर असे अर्ज न्यायमूर्ती चेंबरमध्ये कागद वाचून निकाली काढायचे, वकील दाराबाहेरच. हे दार उघडल्यावर या सहांचं प्रकरण पुन्हा बोर्डावर आलं. 31 ऑक्टोबर 2018 ला आधीचा निकाल मागे घेतला गेला. अपिलं नव्यानं ऐकली गेली आणि 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले.

नव्यानं वाचल्यावर काय सापडलं? हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. ते चौघं या सहांपैकी कोणीच नव्हते. त्यांच्या मागे तपास गेलाच नाही, आणि हा जबाब खटल्यात पुढे आणला गेला नाही. हा कागद त्याच खटल्याचा होता. तीन कोर्टं होऊन गेली तरी तो अडकला नाही कोणाच्या नजरेत.

आता मला झोपू न देणारी गोष्ट सांगते. तोंडी सुनावणीचा हा हक्क फक्त फाशीवाल्यांना आहे. जन्मठेपेचा रिव्ह्यू आजही सहसा चेंबरमध्येच जातो. म्हणजे हायकोर्टानं दया दाखवून सहाही जणांना जन्मठेप दिली असती आणि ती तशीच राहिली असती, तर ही माणसं बहुधा अजून आतच असती. फाशी झाली म्हणून ती सुटली. पुरावा तोच, बाईंचा जबाब तोच. दार उघडायचं की नाही हे पुराव्यातल्या शंकेवर ठरत नाही, शिक्षेच्या आकड्यावर ठरतं.

पुण्याच्या राठी हत्याकांडातलं उदाहरणही असंच. 1994 चा गुन्हा, 2000 मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली. 2023 मध्ये तेच कोर्ट म्हणालं की फाशी झालेल्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता. तोवर त्याची 28 वर्षं तुरुंगात गेली होती. तिथे निदान कायद्यानं लिहून ठेवलंय की अल्पवयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा काढता येतो. मग "मी तो नव्हेच" हा मुद्दा का नाही? इंग्लंडमध्ये 1997 पासून एक स्वतंत्र आयोग अशी बंद झालेली प्रकरणं तपासतो आणि दम वाटला तर अपील कोर्टाकडे परत पाठवतो. त्याच्याकडे अर्ज करायला वकीलही लागत नाही. आपल्याकडे काय, तर राज्यपाल आणि राष्ट्रपती. पण दया मागणं वेगळं आणि निर्दोष ठरणं वेगळं.

नाशिकच्या त्या सहांना प्रत्येकी 5 लाख भरपाई मिळाली. जवळपास 16 वर्षांचा हिशोब केला तर महिन्याला सव्वीसशे रुपये. आणि त्या बाईंनी बोट ठेवलेले चार फोटो? पीडितांसाठी निकाल अंतिम हवा, असं म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की या अंतिम निकालानं त्या बाईंच्या पदरात नेमकं काय पडलं.

आबांचा मुलगा निर्दोष आहे का? मला माहीत नाही. फाइल वाचली, एका साक्षीदाराच्या वेळेत घोळ वाटतोय, एवढंच. रिव्ह्यूची मुदत उलटून चौदा महिने झालेत. कागद दिल्लीच्या विधी सेवा समितीकडे पाठवायचे म्हणून काल विलंबमाफीचा अर्ज लिहायला बसले. उशिराचं कारण आबांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "कांद्याचं पैसं आलं नव्हतं, म्याडम. असंच लिवा."