आत आहे म्हणे!

मुलीसाठी स्थळ आलं, की गुण किती जुळले ते गुरुजी सांगतात. मुलावर कलमं किती, हे मात्र मुलीच्या मामालाच काढावं लागतं. तुम्ही असे मामा असाल, नाहीतर खोली भाड्याने द्यायला निघालेले घरमालक किंवा सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तर पुढची पद्धत बिनदिक्कत वापरा. हिच्यातून आजवर कुणीही निर्दोष सुटलेलं नाही.

सुरुवात गूगलपासून करा. मुलाचं नाव टाकून पुढे ‘अरेस्ट रेकॉर्ड’ लिहा. लगेच अमेरिकेतली संकेतस्थळं रांगेत उभी राहतील. तिकडे बऱ्याच काऊंटींमध्ये शेरीफचं कार्यालय तुरुंगात आणलेल्या माणसाचा फोटो, वेळ, आरोप आणि जामिनाची रक्कम जाहीर करतं. या नोंदीला तिकडे ‘बुकिंग’ म्हणतात. त्यावर खासगी साइटवाले दुकान मांडून बसतात. फ्लोरिडाच्या यादीत आडगावचा संदीप सापडायचा नाही, पण पैसे भरायचा चौकोन नक्की सापडेल. आपल्याकडे बुकिंग होतं ते गॅसचं आणि लग्नाच्या हॉलचं. आरोपीला ‘अटक दाखवतात’. हा वाक्प्रचार लक्षात ठेवा. पुढे, नको त्या वेळी, त्याचा अर्थ कळेल.

मग कुणीतरी शहाणा सांगेल, की महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आहे, त्यावर प्रकाशित एफआयआर आणि अटक आरोपी पाहता येतात. पाहा की! फक्त मुलगा नाशिकचा असेल, तर यादीत ‘नाशिक’ दोनदा आहे, शहर आणि ग्रामीण, तिकडे फार लक्ष देऊ नका. जे आधी दिसेल ते निवडा. शहर म्हणजे पोलीस आयुक्तालय: भद्रकाली, सरकारवाडा, पंचवटी, सातपूर, अंबड, उपनगर, नाशिकरोड वगैरे. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबक, मालेगाव हे ग्रामीण अधीक्षकांकडे. आणि नाशिकरोड स्टेशनच्या फलाटावर हाणामारी झाली असेल, तर ती ना इकडे ना तिकडे, ती लोहमार्ग पोलिसांकडे. गुन्ह्याचा तपास साधारणपणे घटना जिथे घडली त्या हद्दीत चालतो, मुलगा राहतो त्या हद्दीत नाही. सिडकोत राहणारा आणि सिन्नरच्या कंपनीत जाणारा मुलगा अंबडच्या यादीत मिळाला नाही, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे मामा आम्हाला फार आवडतात.

नाव टाकताना नुसतं आडनाव पुरे. आहेर, आहिरे, अहिरे, अहेर हे टंकलेखनात एकच कूळ आहे, आणि गांगुर्डेतला अनुस्वार रात्री दोन वाजता कुठल्या अक्षरावर बसेल ते ड्युटीवरच्या हवालदारालाही सांगता येत नाही. वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि ‘उर्फ’ जुळवून पाहिल्याशिवाय तोच माणूस आहे हे ठरत नाही, असं जाणकार म्हणतात. पण जुळवत बसलात तर मजा जाते.

एफआयआर उघडली, की थेट सातव्या रकान्यावर जा. ज्ञात, संशयित, अनोळखी आरोपी सगळे तिथेच. तिथे ‘अनोळखी इसम’ लिहिलेलं असेल आणि अटक महिनाभराने झाली असेल, तर नाव शोधून काय मिळणार? कप्पाळ. उलट नाव असेल तर अटक झालीच असं धरून चाला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करायची नसते, नोटीस देऊन बोलवायचं असतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४१-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. म्हणजे एफआयआरमध्ये नाव असलेला माणूस एक रात्रही आत न काढता घरी जेवत असू शकतो. हे मुलीच्या आईला सांगू नका, उगाच गोंधळ होतो.

काहीच सापडलं नाही तर? तर गुन्हा भयंकरच असणार! सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका म्हणून सांगितलं, पण लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळले. तेव्हा नाव सापडलं तर गुन्हेगार आणि नाही सापडलं तर अट्टल गुन्हेगार, हा निकष दोन्हीकडून चालतो. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, ते यादीत कुठून येणार? शिवाय सणासुदीला उचलून ‘चॅप्टर केस’ केलेले असतात. तिथे एफआयआर नसते, शांतता राखण्याचं हमीपत्र असतं, आणि आयुक्तालयात ते सहायक आयुक्तांपुढे चालतं. गल्लीत मात्र त्यालाही ‘तडीपार’ म्हणतात. तडीपारी वेगळी आणि एमपीडीए कायद्याखालची, म्हणजे खटल्याविना आत ठेवायची, स्थानबद्धता त्याहून वेगळी, पण कोपऱ्यावरच्या पानटपरीवर एवढे रकाने नसतात.

एका ठिकाणी मात्र चुकूनही जाऊ नका: ई-कोर्ट्स, म्हणजे न्यायालयातल्या खटल्यांचं संकेतस्थळ. तिथे राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडून पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकलं, की खटला बाहेर पडतो. संकुल नीट निवडावं लागतं, कारण निफाडचा खटला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात शोधून दिसत नाही. खटल्याला सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो एकदा लिहून ठेवला की बाकी काही लागत नाही. आणि मग खाली निकालाच्या रांगेत ‘निर्दोष’ असं काहीतरी येतं आणि तुमची आठवड्याची मेहनत पाण्यात. पोर्टलवरची एफआयआर तशीच राहते, निकाल दुसऱ्या साइटवर असतो, दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. या सोयीचा लाभ घ्या.

चारित्र्य पडताळणीचा दाखला हा सरळ मार्ग आहे, पण त्यासाठी मुलानेच पोलिसांकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे त्याला तोंडावर विचारावं लागणार. छे! त्यापेक्षा माहितीचा अधिकार बरा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्द, आणि ३० दिवसांनी ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती, देता येत नाही’ असं टपालाने उत्तर. ते कपाटात जपून ठेवा.

आता थोडं घरचं. एखाद्या रात्री अकरा वाजता फोन येतो, की तुमच्याच भाच्याला दोघं साध्या कपड्यात येऊन गाडीवरून घेऊन गेले. इतकी वर्षं लोकांची रेकॉर्ड्स काढलेल्या माणसाला खरं तर हे पाच मिनिटांचं काम. पण शिष्टाचार पाळा. आधी माजी नगरसेवकाला फोन. मग ‘डिपार्टमेंटमध्ये ओळख’ असलेल्या साडूला. मग सगळ्यांनी दोन गाड्यांतून भद्रकालीला जायचं, तिथून सरकारवाड्याला, तिथून मुंबईनाक्याला. कुठल्या हद्दीत काय घडलं, हे घेऊन गेलेल्यांना किंवा पाहणाऱ्यांना विचारायचं नाही. ११२ वर फोन नाही, आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाला तर नाहीच. त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ म्हणतं, की प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळक दिसेल असं लावलेलं असावं, आणि ती नोंद ठेवायला किमान एएसआय (सहायक उपनिरीक्षक) दर्जाचा अधिकारी नेमलेला असावा. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तासभर हात जोडून उभे राहा, पण भिंतीवरच्या त्या फळ्याकडे मान वळवू नका.

ठाण्यात ‘साहेब, त्याचा काही दोष नाही’ एवढंच पालुपद धरा. अटक दाखवली आहे का, किती वाजता, स्टेशन डायरीला नोंद कितीची, हे विचारणारा माणूस वकील वाटतो आणि साहेब नाराज होतात. गोची अशी, की कोर्टापुढे हजर करायचे २४ तास घरातून नेल्यापासून मोजायचे की कागदावरच्या वेळेपासून, यावरच पुढे वकिलांची खडाजंगी होते. अटक पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. तुमच्यापुढे कागद आला तर वेळेचा रकाना न वाचताच सही ठोका. वाचणारे त्यात रात्रीच्या सव्वाअकराऐवजी पहाटेचे पाच पाहून उगाच हुज्जत घालतात.

सकाळी सगळा गोतावळा ठाण्याच्या दारात बसलेला असू द्या. भाचा तोवर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये वैद्यकीय तपासणीच्या रांगेत असेल आणि तिथून परस्पर कोर्टात. रविवार असेल तर सुट्टीच्या ड्युटीवरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. तिथे वकील कोण? कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, १५१०० वर फोन लागतो. पण फुकटचं ते खोटं, असं आपल्याकडे म्हणतातच. कोर्टातून बाहेर आल्यावर कुणी ‘पीसीआर’ (पोलीस कोठडी) म्हणालं तर भाचा परत ठाण्याच्या लॉकअपला, ‘एमसीआर’ (न्यायालयीन कोठडी) म्हणालं तर नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात. दोन्ही शब्दांना सारखीच मान हलवा आणि डबा घेऊन नेमके उलट्या ठिकाणी जा.

कारागृहाच्या दारातही नाव वॉरंटवर जसं लिहिलंय तसंच चालतं. मुलाखतीची नोंदणी ई-प्रिझन्सच्या साइटवर करता येते. तिथे कारागृह निवडून बंद्याचं नाव भरा, आणि घरी त्याला पप्पू म्हणतात म्हणून पप्पूच लिहा. तुमचं ओळखपत्र, नातं विचारतील. खिडकीवरचा माणूस यादीवरून बोट फिरवत खाली जाईल, परत वर येईल आणि ‘या नावाचं कुणी नाही’ म्हणेल. वॉरंटवर अहिरेचं आहेर झालेलं असतं.

त्याच संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये एका मुलीचा मामा चष्मा पुसून पोर्टल उघडतो. तुमच्या भाच्याचं आडनाव टाकतो, वडिलांचं नाव टाकायचा कंटाळा करतो. कॅप्चातलं ते शून्य आहे की ओ, यावर जरा अडतो. जिल्ह्याच्या यादीत त्याला दोन नाशिक दिसतात. त्याने चुकीचंच निवडावं म्हणून तुम्ही काळारामाला नारळ बोलायला हरकत नाही.