पेसमेकर बसवायचा म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: 'पेसमेकर बसवायच्या 7 दिवस आधी रक्त पातळ करायच्या सगळ्या गोळ्या बंद करा, नाहीतर छातीत रक्त साचतं. तेवढे दिवस पोटात इंजेक्शनं घ्या. पालेभाजी सोडा. मशीन बसली की गोळीचं काम संपलं.' यवतमाळ-वाशीमकडचे पेशंट मोबाइल पुढे करून याबद्दल विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रक्त साचण्याची भीती खरी आहे. कॉलरबोनखाली कातडीत खिसा करून मशीन ठेवतात. त्या खिशात रक्त जमलं तर जागा टम्म फुगते, निळी पडते आणि पुढे जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी वाढतो. पण त्यावर मेसेजने सांगितलेला उपायच उलटा आहे.

2013 साली 'ब्रूझ कंट्रोल' नावाचा कॅनडातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुठळीचा धोका बऱ्यापैकी असलेल्या, वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या पेशंटचे त्यात दोन गट केले. एका गटाची गोळी बंद करून मध्ये हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्याची गोळी चालूच ठेवून ऑपरेशन केलं. हेपॅरिनच्या गटात 16 टक्के लोकांच्या खिशात त्रासदायक रक्त साचलं, गोळी चालू असलेल्यांत फक्त 3.5 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. कारण समजायला सोपं आहे. गोळी चालू असताना जी रक्तवाहिनी झिरपते ती सर्जनला तिथेच दिसते आणि तो ती बंद करतो. टाके घातल्यावर हेपॅरिन सुरू केलं तर रक्त आत झिरपतं आणि कुणाला दिसत नाही. म्हणून पोटातल्या इंजेक्शनचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो.

मात्र आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, तपासूनच ऑपरेशन करायचं. त्या अभ्यासात त्या दिवशीचा आयएनआर 3 पर्यंत चालत होता, हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) असलेल्यांना 3.5 पर्यंत. तालुक्याला ही तपासणी होत नसेल तर नागपूर, सेवाग्राम, अमरावती, जिथे ऑपरेशन आहे तिथे तारखेच्या आधीच जाऊन करा.

'सगळ्या गोळ्या' म्हणणंही चूक. एसिट्रॉम किंवा वॉर्फरिनचा असर उतरायला काही दिवस लागतात. अ‍ॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा दिवस-दोन दिवसांत उतरतो. किडनी कमजोर असेल तर जास्त वेळ लागतो. त्यांचा एखादा-दुसरा डोस थांबवायचा की चालू ठेवायचा, हे ऑपरेशन करणारा डॉक्टर ठरवेल. 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात या नव्या गोळ्या थांबवलेल्या आणि चालू ठेवलेल्या दोन्ही गटांत रक्त साचण्याचं प्रमाण सारखंच, 2.1 टक्के निघालं. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आणखी निराळ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत नवीन स्टेंट (जाळी) असताना त्या मनाने सोडल्या तर स्टेंटच बंद पडू शकतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन कृत्रिम व्हॉल्व्ह बसवलेले पुष्कळ जण आहेत. त्यांनी आठवडाभर गोळी सोडली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते. यात जीव जाऊ शकतो.

पालेभाजीचं म्हणाल तर ती सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. पावसाळा लागला की रोज तरोटा आणि एरवी महिनाभर एकही पान नाही, असं केलं की आयएनआर खाली-वर होतो. मला जास्त काळजी मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीची वाटते. कापूस वेचून कंबर धरली की डायक्लोफेनॅक घेतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

'मशीन बसली ना, मंग गोई कायले घेऊ?' असं विचारतात. पेसमेकर ठोके मंद पडू देत नाही, गुठळी रोखत नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या आजारात हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन लकवा होतो. मशीन बसल्यावरही तो धोका तितकाच राहतो.

घरी आल्यावर खिशाची जागा फुगली तर जवळच्या कुणाकडूनही सुई टोचून रक्त काढून घेऊ नका. त्या सुईनेच जंतू आत जातात. दाबू नका, चोळू नका. सूज वाढत असेल, कातडी ताणून चकाकत असेल, ताप असेल किंवा पाणी येत असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन, जिथे मशीन बसवली तिथेच त्याच दिवशी जा.