पीडीएफ आहे का?

सध्या काय वाचताय, असं भयकथावाल्यांच्या गोतावळ्यात कुणी विचारलं की दोन मिनिटांत कुणीतरी कादंबरीचं नाव लिहितं, 'धारपांची लुचाई.' आता निदान काही बोलणं होईल, कुठे टरकली, कुठे कंटाळा आला... छे! पहिलंच उत्तर येतं, 'पीडीएफ आहे का?' त्याखाली 'मलाही', 'मला पण प्लीज', आणि नुसते हात जोडलेले.

अरे बाबांनो, आपले भयकथाकार नारायण धारप गेले 2008 साली, रत्नाकर मतकरी 2020 साली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे धारप फुकट वाटायचे तर 2068 संपेपर्यंत थांबा. बरं, पुस्तक दुर्मिळ असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. नव्या आवृत्त्या दुकानात पडून आहेत, ग्रंथालयात आहेत. एका पिझ्झाच्या पैशात येतात!

आणि मिळते ती पीडीएफ तरी कसली? पानं तिरकी, मधली दोन गायब, कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि ऐन भुताच्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. घ्या, घाबरा!

दुसरी जमात त्याहून वरची. 'लुचाई तर स्टीफन किंगच्या सेलम्स लॉट या इंग्रजी कादंबरीवरून घेतलीय.' माहितीये हो, सगळ्यांना माहितीये. विचारणाऱ्याचं पुस्तक अजून अर्ध्यावर आहे आणि हे महाशय त्याच दमात शेवटही सांगून मोकळे. वर विचारतात, 'मराठीत हल्ली कुणी भयकथा का लिहीत नाही?'